सतवासच्या पट्ट्यातली राखी



नाझरेथचं नाव ऐकून नथनेलला शंका आली होती. सतवासचं नाव काढलं की आम्हालाही विचारतात, "हे कुठं आलं?"

मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात. उत्तरेला विंध्याचा डोंगर, दक्षिणेला नर्मदा आणि मधल्या पट्ट्यात शेती व सागाचं रान. डोंगर चढून गेलं की माळवा लागतो. संस्थानी काळात हा मुलूख इंदूरच्या होळकरांकडे, नेमावर जिल्ह्यात होता. त्याआधी, दोनशे वर्षांपूर्वी, याच रानाच्या आडोशाला चितू पेंढारी राहत असे. सतवास हे त्याचं ठाणं. त्याचे घोडेस्वार इथून निघत आणि दूरदूरची गावं लुटून परतत. पुढे इंग्रज पाठीस लागले, साथीदार पांगले आणि १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात त्याला वाघाने मारलं.

सतवासच्या पश्चिमेला, याच जिल्ह्यात, उदयनगर आहे. १९९२ मध्ये केरळच्या सिस्टर राणी मारिया तिथे सेवेला आल्या. भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांना त्यांनी सावकारी पाशातून सुटायची वाट दाखवली. ज्यांचा धंदा बुडाला त्यांना ते सोसलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाताना बसप्रवासात त्यांना भोसकून मारण्यात आलं. वय अवघं ४१.

घेण्यासाठी आलेला चितू आणि देण्यासाठी आलेल्या सिस्टर, दोघंही या एकाच पट्ट्यातले. पण आम्हाला थांबवतं ते पुढचं. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये सिस्टर राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांकडून प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतो. क्षमेच्या ओळीवर मुलं अडखळली तर पुन्हा म्हणायला लावतो. आणि बांधाच्या वादावरून शेजारच्या एका घराशी आमचंच दोन वर्षं बोलणं नाही. तिथे तर रक्त सांडलं होतं. इथे हातभर जमीन आहे.

या रविवारी मिस्सानंतर त्यांच्या दारात जायचं ठरवलं आहे. ते दार उघडतील की नाही, ठाऊक नाही. आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमचंही असं एखादं दार असेल, तर त्याच दिवशी निघा.

प्रभो, पहिलं पाऊल टाकायचं बळ दे. आमेन.