समुद्राकडची खिडकी

गेल्या वर्षी आमच्या घरात मोठे आजारपण झाले. दवाखान्याच्या खाटेवरून समोर फक्त एक भिंत दिसायची. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले होते, की बरे वाटले की एक सकाळ समुद्र दिसेल अशा खिडकीत बसायचे. अल्लाहचे शुक्र, आजार टळला. लग्नालाही २० वर्षे होत होती. म्हणून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक रात्र राहायचे ठरले.

अम्मी म्हणाल्या, "समुद्र तर गेटवेवर बसूनही दिसतो, बेटा. फुकट दिसतो."

बोलणे खोटे नव्हते. एका रात्रीचे भाडे म्हणजे आमचा तीन महिन्यांचा किराणा. हा इसराफ तर नाही ना, हा प्रश्न आम्हालाही सतावत होता. मग वहीत हिशेब मांडला. कर्ज काढायचे नाही. जकात, मुलांची फी, अम्मींची औषधे बाजूला ठेवून उरेल तेवढेच साठवायचे. अकरा महिने लागले. वही पाहून अम्मी म्हणाल्या, "जा. पण आल्यावर कुणाला भाडे सांगत बसू नका."

सेलूहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालो आणि सकाळी सीएसएमटीला उतरलो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात, गाडीची वाट पाहणारी पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत मुस्लिम प्रवासीही होते, आमच्यासारखेच पिशव्या सांभाळत बसलेले.

त्याच रात्री हल्ला झालेल्या ताजच्या दाराशी आमचे पाय अडखळले. एकाची दाढी, एकीचा बुरखा. आपल्यालाच जास्त विचारतील, हे मनाने आधीच ठरवून टाकले होते. बॅगा यंत्रातून गेल्या, सगळ्यांच्या जातात तशाच. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्डे पाहिली आणि मराठीत म्हणाली, "परभणीहून? दमला असाल. आधी पाणी घ्या."

हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. समोरचा गेटवे त्याच्या बऱ्याच नंतरचा, १९२४ चा. हॉटेल बांधणाऱ्या जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली होती, म्हणजे या श्रीमंतीत कापसाचाही वाटा आहे. कापसाच्या मुलखातून आलेल्या आम्हाला ते वाचून थोडी जवळीक वाटली. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचे रुग्णालय होते. या खिडक्यांतूनही कुणी आजारी माणसाने समुद्र पाहिला असेल.

लॉबीत स्मारक आहे. तिथे मारल्या गेलेल्या ३१ जणांची नावे आहेत. आम्ही ती वाचली आणि बराच वेळ गप्प उभे राहिलो. नऊ हल्लेखोर ठार झाले, तेव्हा मुंबईच्या बड्या कब्रस्तानच्या विश्वस्तांनी त्यांना दफनासाठी जागा नाकारली होती. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांशी आमचे नाते नाही, हे त्यांनी कृतीने सांगितले. हे आम्हाला त्याच वेळी कळले होते. तरी दर वर्षी २६ नोव्हेंबरला वर्गात संविधान दिन साजरा करून आम्ही हा विषय तेवढा टाळत आलो. आपण काही बोललो तर लोक काय अर्थ काढतील, याची धास्ती होती.

पहाटे फज्रला उठलो. अरबी समुद्र पश्चिमेला, म्हणून किबलाही खिडकीकडेच असणार, असे धरून मुसल्ला अंथरला. सहज मोबाइलवर दिशा पाहिली, तर खिडकी पूर्वेला! बंदराचे पाणी मुंबईच्या पूर्वेला आहे. वर्गात इतकी वर्षे नकाशा शिकवतो आणि हे लक्षात आले नाही. हसत मुसल्ला फिरवला. नमाज झाल्यावर मागे वळलो, तेव्हा पाण्यावर उजेड फुटत होता. आम्ही चहा घेऊन खिडकीत बसलो. दवाखान्यातली ती भिंत आठवली. दोघांचेही डोळे भरून आले.

घरी आल्यावर अम्मींनी विचारले, "कसा होता समुद्र?"

"गेटवेवरून दिसतो तसाच," आम्ही म्हणालो. त्या हसल्या. भाडे कुणालाच सांगितले नाही.

येत्या २६ नोव्हेंबरला मात्र वर्गात सांगणार आहोत: सीएसएमटीवरच्या प्रवाशांबद्दल, त्या ३१ नावांबद्दल आणि बड्या कब्रस्तानच्या नकाराबद्दलही. दारात कुणी अडवले नव्हते, आम्हीच अडखळलो होतो. मुलांनी तरी तसे अडखळू नये, इन्शाअल्लाह.