जोडींतील एक डिस्क

एकत्र कुटुंबांत कागदपत्रें सांभाळण्याचें काम ज्याच्या वांट्यास येई, त्याला पूर्वी वाळवीची धास्ती असे. आमच्या वांट्यास तें आलें तेव्हां वाळवीची जागा डिस्कनें घेतली होती. घरच्या मोडी दस्तऐवजांच्या प्रती, शेताचे उतारे, चार पिढ्यांचीं छायाचित्रें, सर्व आतां जिन्याखालच्या एका लहानशा सर्व्हरमध्यें आहे.

या सर्व्हरांत ४ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. एकीवर जें लिहावें तेंच दुसरीवरहि लिहिलें जातें; म्हणून या रचनेस आरसा म्हणतात. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या त्रयीनें १९८८ सालीं स्वस्त डिस्कांच्या समूहावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत ही रचना पहिल्या पायरीवर मांडली आहे. युक्ति मात्र त्याहून जुनी.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या जोडींतील एक डिस्क गेली. घरांत कोणास पत्ताहि लागला नाहीं. काकूंनीं त्याच संध्याकाळीं नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें पाहिलीं, तीं नेहमींसारखींच दिसलीं. या रचनेचा हाच मोठा गुण, आणि आमच्या मतें हाच मोठा धोका. सर्व्हर आपण होऊन निरोप धाडील अशी व्यवस्था केली नसेल, तर एक डिस्क वर्षभर मेलेली असूनहि मालक निर्धास्त झोंपूं शकतो. आम्हांस निरोप आला. पडद्यावर चौकटी कंसांत दोन 'यू' अक्षरें असावयाचीं, तेथें एक 'यू' व एक आडवी रेघ होती.

डिस्क बदलणें हें काम हातांचें कमी व डोळ्यांचें अधिक. दोघी दिसावयास जुळ्या. घाईंत जिवंत तीच उपसली म्हणजे अनर्थ. प्रत्येकीवर अनुक्रमांक छापलेला असतो, परंतु मेलेली डिस्क पुष्कळदां आपला क्रमांकहि सांगत नाहीं. अशा वेळीं जिवंत डिस्कचा क्रमांक विचारून घ्यावा आणि तो जिच्यावर नसेल तिला हात लावावा. नवी डिस्क जुनीपेक्षां तसूभरहि लहान चालत नाहीं.

पुढचे तास खरे काळजीचे. सेकंदास १५० मेगाबाइट या वेगानें ४ टेराबाइट उतरावयास सुमारें साडेसात तास लागतात, आणि तितका वेळ उरलेली डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. ती मेलेलीच्याच वयाची, एकाच दिवशीं विकत आणलेली! म्हणूनच आम्हीं आधीं तिसरी, निराळी प्रत ताजी करून ठेविली होती.

"काका, दोन प्रती असतांना तिसरी कशाला?" पुतण्यानें विचारलें.

"अरे, कोणीं आजोबांचें मृत्युपत्र चुकून पुसलें, तर आरशांतलेंहि त्याच क्षणीं पुसलें जाईल."

पहांटे दोन्ही 'यू' दिसलीं. उरली मेलेली डिस्क. दुकानदार म्हणाला, हमीची मुदत आहे, जुनी द्या व बदली घ्या. वडीलधाऱ्यांस हा सौदा पसंत होता. परंतु जी डिस्क आमच्या सर्व्हरास वाचतां येत नव्हती, ती दुसऱ्या कोणास वाचतां येणार नाहीं असें थोडेंच आहे? तिच्यावर घरांतील प्रत्येकाचे बँकेचे कागद होते. आम्हीं बदलीवर पाणी सोडलें. दादांनीं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशीं तेच ड्रिल घेऊन अंगणांत आले आणि डिस्कला चार भोंकें पाडून गेले.