शेणातला दाणा

गुरं काय खातात हे मला आजीनं शिकवलं. आमच्या दारात गव्हाण नव्हती. बैल मालकाचे, दावण मालकाची. वैरण घालणारे, शेण काढणारे हात तेवढे आमचे.

बैलाला ज्वारीचा कडबा. नांगरटीच्या दिवसांत वर आंबोण, म्हणजे भुसा, चुणी, भिजवलेली सरकीची पेंड. मी सूतगिरणीत आहे. ज्या बोंडाचा कापूस माझ्या मशिनवर येतो, त्याचीच सरकी घाण्यावर जाते. तेल माणसाला, पेंड गुराला. माझं नि बैलाचं नातं एवढंच, असं मला वाटायचं. आजीचं नातं जास्त जवळचं निघालं.

गुराच्या वरच्या जबड्याला पुढं दात नसतात. ते जिभेनं ओढतं, अर्धंमुर्धं चावून गिळतं, मग बसून रवंथ करतं. पण ज्वारीचा आख्खा दाणा टणक. पुष्कळदा रवंथीतूनही सुटतो आणि जसाच्या तसा शेणात पडतो. म्हणून जाणता माणूस गुराला ज्वारी भरडून घालतो. सुगीत खळ्यावर मेढीभोवती बैल फिरायचे. तोंडाला मुसकी नसली की कणसं खायचे. त्यांचं शेण आजी पाटीत भरून ओढ्यावर न्यायची. धुवायची. दाणे वाळवायची, दळायची. त्याची भाकर.

पुढं १९७२ चा दुष्काळ. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिकडं ती तेव्हा बहुतेक गुराढोरांना घालायचे. आजी खडी फोडायची नि मिलोची भाकर खायची. इथल्या बैलाच्या पोटातून आलेलं आणि तिथल्या गुराच्या तोंडचं, दोन्ही तिच्याच ताटात.

हे लिहितो म्हणालो तर एक कार्यकर्ता मित्र चिडला. "बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेलं ढोर खाऊ नका. सोडलं आपण. आता ही शेणातली भाकर कशाला उकरतोस? लोक हसतील." सोडणं वेगळं नि लपवणं वेगळं, एवढं मला कळत होतं. पण तोंडातून शब्द फुटेना.

रात्री आजीला विचारलं, "आजी, लिहू का गं?" ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिव की. मला कशाची लाज? ती ज्वारी खुरपली कुणी? काढली कुणी? कणसं खुडली कुणी? आमीच. बैलाच्या पोटातनं गेली म्हणून बैलाची झाली व्हय? आन् मालकाच्या कणगीत गेली म्हणून मालकाची?"

मित्रा, लोक हसतील तर हसू देत. तू आधी आजीच्या प्रश्नाचं उत्तर दे.