बोट पावसात पाहावी

जुनी बोट उन्हात पाहू नये. जुलैच्या सिएटलमध्ये लेक युनियनचं पाणी निळंशार असतं, दक्षिणेला माउंट रेनियरचं बर्फ चमकत असतं आणि धक्क्याला लागलेली प्रत्येक बोट देखणी दिसते. बघायला जायचं ते नोव्हेंबरात. इथला पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. तो दिवसच्या दिवस झिमझिमतो आणि केसाएवढी फट सापडली की आत उतरतो. चाळीस-पन्नास वर्षं पाण्यात काढलेल्या बोटीबद्दल दलाल जे बोलत नाही, ते खिडकीखालच्या लाकडावरचा तपकिरी ओघळ बोलतो.

आम्हाला हवी आहे राहायची बोट. शाळा चालू असताना मरीनात मुक्काम आणि सुट्टी लागली की उत्तरेला सॅन वॉन बेटं, त्यापुढे कॅनडाचा किनारा. आम्ही दोघं, दोन मुलं आणि अधूनमधून पुण्याहून येणाऱ्या सासूबाई. एवढं ठरलं की निम्म्या बोटी आपोआप बाद होतात. आधी राहायला जागा मिळेल का तेही विचारावं लागतं, कारण राज्याच्या मालकीच्या पाण्यातल्या मरीनांमध्ये राहत्या बोटींना साधारण १० टक्क्यांची मर्यादा असते.

या किनाऱ्यावर ज्यांना ट्रॉलर म्हणतात त्या बोटींवर माझा जीव आहे. नाव मच्छीमारांचं, पण बांधणी कुटुंबासाठी. त्यातल्या ग्रँड बँक्स बोटी १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या जंक बे इथे अमेरिकन मरीन या कंपनीने बांधायला घेतल्या. आधी त्या मॅहॉगनीच्या फळ्यांच्या असत. १९७३ पासून फायबरग्लासच्या होऊ लागल्या. आशियाई सुतारांच्या हातचं काम आत शिरताच कळतं. फडताळाच्या कडा बोटांना लागणार नाहीत अशा गोल केलेल्या आणि खण बोट हलली तरी आपसूक उघडू नयेत म्हणून किंचित वर उचलल्याशिवाय न सरकणारे. अनेकींच्या तळघरात फोर्ड लेहमनचं १२० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असतं. त्याचा मूळ सांगाडा इंग्लंडातल्या फोर्डच्या इंजिनाचा. ते सावकाश फिरतं आणि नीट राखलं तर दशकानुदशकं फिरत राहतं.

या बोटी धावत नाहीत, आणि मला त्या म्हणूनच हव्या आहेत. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीनेच ठरतो. पाण्याला टेकलेली लांबी ३६ फूट असेल तर तिचं वर्गमूळ सहा, त्याला १.३४ ने गुणलं की आठ नॉट, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर. त्याहून जोर लावला तर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि डिझेल मात्र भसाभस जळतं. सातच्या वेगाने एका इंजिनाचं ताशी सात-आठ लिटरवर भागतं. वीस नॉटने उडणाऱ्या तेवढ्याच बोटीला त्याच्या कित्येक पट लागतं. सिएटल ते सॅन वॉन बेटं म्हणजे साठ-पासष्ट सागरी मैल, आमचा अख्खा दिवस. वाटेत डिसेप्शन पासची अरुंद खिंड लागली तर तिथला प्रवाह उधाणाच्या दिवसांत आठ नॉटपर्यंत जातो, म्हणजे आमची बोट जागच्या जागी उभी. मग भरती-ओहोटीच्या मधल्या थांब्यापर्यंत खिंडीबाहेर वाट पाहायची. देवगडच्या बंदरात वाढलेल्या मला त्यात काही वावगं वाटत नाही. भांग आणि उधाण ओळखून निघायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही कळतं. माझ्या मुलांनाही ते घड्याळाच्या आधी कळावं, असं मला मनापासून वाटतं.

आता सागाबद्दल. साग दिसला की आपण कोकणी माणसं विरघळतो. पावसाने ओला झालेला, सोनेरी-करडा सागवानी डेक अनवाणी पायांना इतका बरा वाटतो की पुढचं काही पाहायलाच नको. पण तिथेच वाकून पाहावं लागतं. त्या काळच्या फायबर बोटींवर सागाच्या पट्ट्या हजारो स्क्रूंनी खाली आवळलेल्या असतात. प्रत्येक स्क्रूवर सागाचीच छोटी गुडदी ठोकून तो झाकलेला. पट्ट्या घासून पातळ झाल्या की गुडद्या सुटतात, स्क्रूचं डोकं उघडं पडतं आणि पाऊस स्क्रूच्या कडेने खाली उतरतो. खाली फायबरच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा असतो; तो वर्षानुवर्षं भिजत, कुजत जातो आणि वरून काही दिसत नाही. खरेदीआधी बोट तपासणारा सर्व्हेअर हातात छोटी हातोडी घेऊन गुडघ्यांवर बसतो आणि वीतभर अंतराने डेक ठोकत जातो. माठ घेताना टिचकी मारून ऐकतात तसंच हे. टणत्कार आला तर ठीक, मातकट बोदा आवाज आला तर तिथे तो खडूने खूण करतो. एका बोटीवर त्याच्या खुणा नाळेपासून मधल्या दारापर्यंत अखंड जुळत गेल्या. आम्ही काही न बोलता छत्री उघडली आणि खाली उतरलो.

तोच पाऊस डेकमधल्या डिझेल भरायच्या तोंडाच्या कडेने झिरपून खाली लोखंडी टाक्यांच्या माथ्यावर साचतो आणि टाकी वरून गंजते. ती बदलायची तर कित्येकदा इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणून इंजिनघरात रांगत जाऊन टॉर्चच्या उजेडात टाकीच्या माथ्यावर बोट फिरवायचं. तांबडी पूड लागली तर किंमत पुन्हा बोलायची, नाहीतर निघायचं. आणि इंजिनाला आपण पोचल्या पोचल्या हात लावून पाहायचा. ते थंड हवं. कोमट लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, आणि गार इंजिन किती आढेवेढे घेतं, किती धूर ओकतं, हे आपल्याला दिसणार नाही.

घर म्हणून पाहायला लागलं की प्रश्न वेगळे होतात. कठडा सहा वर्षांच्या मुलाच्या छातीपर्यंत येतो का? बाजूच्या वाटेने पकडायला अखंड दांडा आहे का? प्यूजेट साउंड या इथल्या खाडीचं पाणी उन्हाळ्यातही अंग बधिर करणारं असतं, त्यामुळे पडलेल्या माणसाला पाण्यातूनच खाली ओढता येईल अशी शिडी हवीच. स्वयंपाकाचा ओटा वर, खिडकीशी असावा, म्हणजे कांदा चिरताना किनारा दिसतो आणि मळमळत नाही. इंजिन पेट्रोलचं नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच, म्हणून सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात आणि त्या कप्प्याला खाली थेट समुद्रात उघडणारं भोक. मरीनात मुलांना पोहू द्यायचं नाही, गोड्या पाण्याच्या तळ्यात तर मुळीच नाही. एखाद्या बोटीतून पाण्यात गळलेली वीज तिथे माणसाच्या शरीरातून सहज वाहते आणि हातपाय लुळे पडतात. हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येक आईला सांगते.

एवढं सगळं पाहून दडपण आलं की मी एम. वायली ब्लँचेट यांचा विचार करते. १९२० च्या दशकात नवरा गेल्यावर या बाईंनी उन्हाळ्यात घर भाड्याने द्यायचं आणि पाच मुलांना घेऊन ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याने हिंडायचं, असा शिरस्ता ठेवला. त्यांची ‘कॅप्रिस’ पंचवीस फूट लांब आणि जेमतेम साडेसहा फूट रुंद होती. इंजिन त्या स्वतःच दुरुस्त करत. त्या प्रवासांचं ‘द कर्व्ह ऑफ टाइम’ हे पुस्तक १९६१ साली आलं आणि इथल्या बोटींच्या फळ्यांवर ते आजही दिसतं. सहा माणसं पंचवीस फुटांत मावली, तर आमची चार-पाच माणसं छत्तीस फुटांत सुखाने मावतील. मोठ्या बोटीचा मोह मी त्या एका विचाराने सोडला. प्रत्येक वाढीव फुटाला धक्क्याचं भाडं पडतं, रंग पडतो, आणि वाऱ्यात ती वळवताना आणखी दोन हात लागतात.

सध्या आमचं मन एका बोटीवर बसलं आहे. एकच इंजिन. सागाचा डेक आधीच्या मालक नवरा-बायकोने काढून टाकला, एकूणएक भोक बुजवलं आणि वर साधा खरखरीत रंग दिला. त्यामुळे ती फोटोत सामान्य दिसते आणि बरेच दिवस विकली गेलेली नाही. पण सुकाणूचाकाशेजारच्या खणात त्या नवरा-बायकोच्या वह्या आहेत. तेल कधी बदललं, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे कधी नवे लावले, कुठल्या खिडकीची फट कधी भरली, सगळं दोन वेगळ्या अक्षरांत लिहिलेलं. पाऊस पडत असताना आम्ही आत बसून त्या चाळत होतो. मुलगी पुढच्या बंकवर आडवी होऊन वाचत होती आणि तिच्या उशीशी छतावर हात फिरवला तर तो कोरडा होता.

पुढच्या आठवड्यात बोट पाण्याबाहेर काढून तिचा सर्व्हे होईल आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाईल. वह्या कितीही सुंदर असल्या तरी तो खर्च टाळू नका. सर्व्हेअर आपण नेमलेला असू द्या, विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको.