‘चांगला’ कॅन्सर आणि सोयाबीनची काढणी

रिसोड तालुक्यातले एक शेतकरी मानेतली गाठ दाखवायला आले होते. वय पंचावन्नच्या आसपास. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गाठ दुखत नव्हती, ताप नव्हता. मी अँटिबायोटिक देऊन पंधरा दिवसांनी बोलावलं. ते आले सव्वा महिन्याने, गाठ होती तशीच. या वयात मानेत आलेली, न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत जिरली नाही तर थांबायचं नसतं. येण्याची तारीख मी ठणकावून सांगायला हवी होती.

कॅन्सरचं मूळ टॉन्सिलमध्ये निघालं. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, माह्या बानं जिंदगीत खर्रा खाल्ला नाही, बिडी ओढली नाही. मंग हे काहून झालं?”

आपल्या भागात घशाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा तंबाखूच असतो. पण नागपूरला बायोप्सीच्या तुकड्यावर ‘पी१६’ ही तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे हा एचपीव्ही विषाणूमुळे झालेला कॅन्सर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असतो तोच विषाणू. तो शरीरसंबंधातून पसरतो हे सांगितल्यावर काकूंनी मान खाली घातली. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होतो, बहुतेकांचा आपोआप जातो, आणि एखाद्यात वीस-तीस वर्षं दडून राहतो. कोणाच्या चारित्र्याचा हा दाखला नाही.

मग धीर द्यावा म्हणून मी बोललो, “त्यातल्या त्यात हा चांगला कॅन्सर आहे.”

आकडे तसेच आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात याच भागाचा, वाढलेल्या टप्प्यातला कॅन्सर असलेले पेशंट होते. तीन वर्षांनी एचपीव्ही असलेल्या १०० पैकी ८२ जण हयात होते, नसलेल्यांपैकी ५७. एचपीव्ही असूनही ज्यांनी वर्षानुवर्षं सिगारेट ओढली होती, त्यांचा हा फायदा बराच कमी झाला. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी तंबाखूला माफी नाही.

नागपूरला सात आठवड्यांचं रेडिएशन (लोक ‘शेक’ म्हणतात) आणि सोबत सिस्प्लॅटिन सुरू झालं. पाचव्या आठवड्यात फोन आला. तोंड सोलून निघालेलं, थुंकी गिळवत नव्हती, आणि शेतात सोयाबीन काढणीला आलेलं.

“साहेब, तुमीच म्हनले ना, चांगला कॅन्सर हाये? मंग एवढ्यात भागत नाही का?”

माझाच शब्द माझ्यापुढे आला. मी सांगितलं, की हे ८२ पूर्ण उपचार घेतलेल्यांमधले आहेत. मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. उपचार हलका करायचा प्रयत्न डॉक्टरांनीही करून पाहिला आहे. सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देऊन दोन मोठे अभ्यास झाले. २०१८ मध्ये निकाल आले: त्रास काही कमी झाला नाही, उलट कॅन्सर जास्त जणांत परत आला आणि जास्त माणसं दगावली.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काकूंनी फोन घेतला. “सोयाबीन भाऊ काढन. यायले मी इथंच ठेवतो.”

नाकातून नळी घातली, वेदनेचं औषध वाढवलं, पस्तीसही सिटिंग झाल्या.

याला अडीच वर्षं होत आली. तपासणीला येतात तेव्हा हातात पाण्याची बाटली असते, लाळ पूर्वीसारखी सुटत नाही. भाकरी वरणात कुस्करूनच खावी लागते. मागच्या खेपेला मात्र सोयाबीनच्या भावावर अर्धा तास बोलले, आणि बाहेर पेशंटांची रांग असूनही मी त्यांना थांबवलं नाही.