दोन नौका आणि एक कुटुंब

दोन होड्यांवर पाय ठेवणाऱ्याची गत काय होते, तें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु दोन होड्यांतून एक निवडतांनाहि माणूस कांहीं कमी हेलकावे खात नाहीं, असा अनुभव आम्हांस गेल्या वसंतांत आला.

आमचें वास्तव्य अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत. दहा एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ सरोवरें या एका संस्थानांत आहेत. पॉन्टून नौकेचें माहेरहि हेंच. १९५२ सालीं रिचमंड गांवच्या अँब्रोज वीरेस नांवाच्या शेतकऱ्यानें पोलादी पिंपें एकापुढें एक जोडून दोन लांब नळकांडीं केलीं, त्यांवर लांकडी तक्तपोशी बसविली, आणि जणूं तरंगता ओटाच निर्माण केला. नळकांडीं आतां अ‍ॅल्युमिनियमचीं असतात; पण ओट्याचा गुण कायम आहे. पाय ठेवतांच लहान होडी कलते, तशी ही कलत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांस, लेकुरवाळ्यांस आणि फराळाच्या डब्यांस ती सोयीची.

आम्ही घरीं नऊ माणसें: मातोश्री, दादा-वहिनी, आम्ही उभयतां आणि चार मुलें. चूल एकच. तेव्हां नौकाहि सर्वांस एकदम नेणारी हवी, एवढें ठरलेलें होतें. पाहण्यांत दोन जुन्या नौका आल्या. पहिली तीन नळकांड्यांची, ११५ अश्वशक्तीच्या एंजिनाची, झळझळीत गाद्यांची. दुसरी दोन नळकांड्यांची, ५० अश्वशक्तीची, गाद्या पार विटलेल्या. सतरा वर्षांच्या पुतण्यानें मनानें पहिली केव्हांच वरली होती.

दोहोंच्या वाहनक्षमतेच्या पट्ट्या दादांनीं वाचल्या. नऊ माणसें दोहोंतहि बसत होतीं. मग मातोश्री पहिल्या नौकेवर चढल्या आणि मागच्या अंगास थबकल्या. म्हणाल्या, "अरे, इथं पायाखालीं भुसभुशीत लागतंय."

गालिचाखालचें प्लायवुड कुजलें होतें. हा दोष वरवरचा नव्हे. गाद्या, कठडा, छत हें सारें त्या तक्तपोशीवरच आवळलेलें असतें. ती बदलावयाची म्हणजे नौका सबंध उसकटावयाची. दुसरीची तक्तपोशी टणक होती. नळकांड्यांस पोंचे नव्हते, सांधे धड होते, आंत पाणी शिरलेलें नव्हतें. असें पाणी हिवाळ्यांत गोठून फुगलें, तर सांधाच उकलतो. एंजिनाच्या देखभालीचे कागदहि मालकानें जपून ठेवले होते.

पुतण्याचा चेहरा उतरला. "तक्तपोशी आपण बदलूं ना, काका," तो म्हणाला. त्याच्या वयास वेग हवा, यांत गैर कांहींच नाहीं. दादा शांतपणें म्हणाले, "बदलतां येईल, पण त्यांत हा उन्हाळा जाईल. आजीला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू आहे. इथलीं तळीं कित्येक महिने गोठलेलीं. तिच्या वांट्याचा एक उन्हाळा आपण दुरुस्तींत घालवावा का?"

तो बराच वेळ बोलला नाहीं. दुसरी नौका घरीं आली, त्या दिवशीं मात्र विटलेल्या गाद्या घांसावयास तोच बसला. पुढें परवाना काढून त्यानेंच चक्र हातीं घेतलें.

चालत्या नौकेंत दहा वर्षांखालील मुलांस तरणजाकीट घालणें येथील कायद्यानें बंधनकारक आहे. आम्ही तें सर्वांनाच केलें. मातोश्रींनीं तें नऊवारीवर चढविलें, आणि "सावकाश हांक रे," असें नातवास बजावून त्या निवांत छताखालीं बसल्या.