पैज आरेनबर्गच्या जंगलातली!

उत्तर फ्रान्समधलं आरेनबर्गचं जंगल. मधोमध सरळसोट, ओबडधोबड दगडी रस्ता, सव्वादोन किलोमीटरच्या वर. पॅरिस-रूबे सायकल रेसवर पैज लावायचीय? मग इथं उभं राहा आणि आत शिरताना पहिल्या दहांत कोण आहे ते बघा. मागे राहिलात की पुढच्याची पडझड तुमच्याही नशिबी!

माझी पैज मॅथ्यू व्हान डर पूलवर. सायक्लोक्रॉसच्या चिखलात मुरलेला गडी, 2023 ते 2025 सलग तीनदा जिंकलेला. 2025 मध्ये पोगाचार त्याला चिकटून होता. 38 किलोमीटर उरले असताना वळणावर वेग अंमळ जास्त झाला नि पडला. पोगाचारनं रूबेच्या वेलोड्रोमपर्यंत थांबूच नये, स्प्रिंटमध्ये पूल भारी. त्याआधीच, कारफूर द लार्ब्रच्या दगडांवर, एकट्यानं सुटावं.

आणि पाऊस आला तर? 2021 च्या चिखलात पहिल्यांदाच उतरलेला कोलब्रेली जिंकून गेला, पूल तिसरा. तेव्हा ढग दिसले की पैज रद्द, बॉस!